चित्र विणलंय की टाचलंय?

रात्रीचे साडेनऊ झाले होते, शटर अर्धं खाली ओढलं होतं. सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन वाकून आत आली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रकल्प जमा करायचा होता, विषय सोलापुरी चादर. वर्डमध्ये फाइल उघडली तर पान २३ वरचा हातमागाचा फोटो पुढच्या मजकुरावर चढून बसलेला. रंगाईच्या फोटोखाली दोन ओळी गडप. आणि सुतापासून चादरीपर्यंतचा तिने काढलेला तक्ता, सहा चौकोन आणि पाच बाण, लग्न उरकल्यावर मांडवात खुर्च्या पडाव्यात तसा पडलेला.

"काका, दुपारपर्यंत सगळं नीट होतं. आभाराच्या पानावर सरांचं नाव टाकलं, एक ओळ वाढली, आन् सगळं इस्कटलं की."

ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की ऐकता ऐकता हात आपोआप माउसकडे जातो. लग्नपत्रिका असो, मंडळाचा अहवाल असो, शेंगा चटणीच्या पाकिटाचं लेबल असो, रडगाणं एकच असतं: चित्र पळालं. आणि कारणही बहुतेक वेळा एकच असतं, म्हणून ते एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे.

चादरीवरचा मोर बघा. तो ताण्याबाण्यातच विणलेला असतो. चादर ओढली तर मोर ओढला जातो, घडी घातली तर त्याचीही घडी होते. त्याच चादरीच्या कोपऱ्यातलं कंपनीचं लेबल मात्र वरून शिवलेलं असतं. ते इकडे लावा, तिकडे लावा, तिरकं लावा, पण कुठेतरी टाका घालावाच लागतो. वर्डमधलं प्रत्येक चित्र या दोनपैकी एका जातीचं असतं. विणलेल्या चित्राला वर्ड 'इन लाइन विथ टेक्स्ट' म्हणतं. टाचलेल्याची मग पोटनावं अनेक: स्क्वेअर, टाइट, थ्रू, टॉप अँड बॉटम, बिहाइंड टेक्स्ट, इन फ्रंट ऑफ टेक्स्ट.

विणलेलं चित्र म्हणजे वर्डच्या लेखी एक अक्षर. खूप मोठं, पण अक्षरच. त्याच्या आधी कर्सर ठेवून स्पेस मारली तर ते सरकतं, परिच्छेद मध्यभागी घेतला तर तेही मध्यभागी येतं, बॅकस्पेसने पुसलं जातं. ते ओळीतून बाहेर पळूच शकत नाही, जसा 'क' पळत नाही.

गंमत अशी की फोटो घातला की वर्ड तो मुळात विणलेलाच घालतं. चौकोन, गोल, बाण काढला की तो मात्र टाचलेला, मजकुराच्या वर. म्हणजे एकाच पानावर दोन जाती नांदत असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. मग माणूस फोटो धरून ओढायला जातो. फोटो मनासारखा हलत नाही, म्हणून चिडून शेजारच्या छोट्या चौकोनी बटणावर (लेआउट ऑप्शन्स) जातो, 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' निवडतो, आणि आता फोटो कुठेही जातो म्हणून खूश होतो. आमच्या मुलीनेही तेच केलं होतं. मग फोटोखाली मजकूर झाकला जाऊ नये म्हणून तिने एंटर मारून जागा केली होती. मी मोजले. चौदा एंटर.

आता एक ओळ वाढल्यावर काय झालं बघा. चौदा रिकाम्या ओळी खाली सरकल्या आणि त्यातल्या नऊ या पानावर राहिल्या, पाच पुढच्या पानावर गेल्या. रिकामी जागा अशी फाटू शकते. फोटो फाटत नाही. तो ज्या परिच्छेदाला टाचलेला होता त्याच्या मागोमाग अख्खाच्या अख्खा गेला आणि तिथे जी ओळ होती तिच्यावर बसला. वर्डने सांगितलेलंच काम केलं होतं. सांगितलं काय होतं ते मात्र पोरीला ठाऊक नव्हतं.

टाका कुठे घातलाय

टाचलेल्या चित्राचा टाका म्हणजे अँकर, नांगर. होम पट्टीवर उलट्या 'पी'सारखं दिसणारं परिच्छेदाचं चिन्ह चालू करा आणि चित्रावर क्लिक करा. डाव्या समासात कुठल्या तरी परिच्छेदाशेजारी छोटासा नांगर दिसेल. चित्र त्या परिच्छेदाचं. नांगर ज्या पानावर, चित्र त्याच पानावर, याला अपवाद नाही. तो परिच्छेद पूर्ण पुसलात तर चित्रही त्याच्याबरोबर जातं. "मी फक्त एक रिकामी ओळ काढली आणि फोटो गेला" असं लोक सांगतात तेव्हा त्या रिकाम्या ओळीलाच नांगर अडकलेला असतो.

चित्र ओढून दुसरीकडे नेलं की नांगरही गुपचूप जवळच्या परिच्छेदाला जाऊन बसतो. हे नको असेल तर चित्राच्या लेआउट खिडकीत, पोझिशनच्या पानावर, 'लॉक अँकर' आहे. तिथेच 'मूव्ह ऑब्जेक्ट विथ टेक्स्ट' आहे: मजकूर खाली गेला की चित्रही तेवढंच खाली. याच्या उलट 'फिक्स पोझिशन ऑन पेज'. या नावाने बरेच जण फसतात. त्यांना वाटतं, आता चित्र या पानावर खिळलं. खिळते ती पानातली जागा. नांगराचा परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्र पुढच्या पानावर त्याच जागी उगवतं. पत्रिकेला किंवा एकपानी हँडबिलाला हे ठीक. चाळीस पानांच्या प्रकल्पाला नाही.

म्हणून माझा दुकानातला नियम सरळ आहे. एकापेक्षा जास्त पानं आणि सलग मजकूर असेल तर फोटो विणलेलाच ठेवायचा, स्वतःच्या वेगळ्या परिच्छेदात, मध्यभागी. खालची फोटोओळ साध्या परिच्छेदात. फोटोच्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' लावायचं, म्हणजे फोटो एका पानावर आणि ओळ दुसऱ्या पानावर असं होत नाही. दोन फोटो शेजारी हवेत? दोन बाय दोन खणांचा तक्ता घालायचा, त्याच्या रेघा काढून टाकायच्या, वरच्या खणांत फोटो, खालच्या खणांत ओळी. तक्त्याच्या ऑप्शन्समधली 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टु फिट कंटेंट्स' ही खूण मात्र आधी काढायची, नाहीतर मोठा फोटो टाकताच खण फुगतो आणि शेजारचा चेपतो. बाहेरून कुणाला कळतही नाही की आत तक्ता आहे. हे कुणी शिकवलेलं नाही. पत्रिकांवर घासून आलेलं शहाणपण आहे.

एक अडचण विणलेल्या फोटोलाही येते. फोटो घातला आणि त्याची फक्त खालची पातळ पट्टी दिसतेय, असं झालं तर फाइल बिघडली समजू नका. त्या परिच्छेदाची लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' लावलेली असते. चित्र म्हणजे अक्षर, आणि अक्षराला तुम्ही सांगितलंय की अठरा पॉइंटच्या वर डोकं काढायचं नाही. स्पेसिंग 'सिंगल' करा, फोटो पूर्ण दिसेल. याच 'एक्झॅक्टली'ने मराठी मजकुरात वरचे रफार आणि खालचे उकारही कापले जातात. इंग्रजी मजकुरात चालून गेलेला आकडा आपल्याकडे 'र्कु'ला दोन्हीकडून छाटतो.

शेजारी मजकूर वाहू द्यायचा असेल तर

स्क्वेअर म्हणजे चित्राभोवती चौकोनी कुंपण, मजकूर त्याच्या कडेने वाहतो. टाइट म्हणजे चित्राच्या खऱ्या कडेने. साध्या चौकोनी फोटोला दोन्ही सारखेच दिसतात. टाइटचा उपयोग गोल शिक्क्याला किंवा मागची पार्श्वभूमी काढलेल्या चित्राला. मराठीत एक हिशेब पक्का लक्षात ठेवा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडे एक-एक इंच समास सोडला की मजकुराला उरले सुमारे १६. त्यात ११ सेंटिमीटरचा फोटो स्क्वेअर करून लावलात तर शेजारी उरतात पाच सेंटिमीटर. तेवढ्यात 'यंत्रमागधारकांच्या' हा एकच शब्द ओळ खातो, आणि दोन्ही कडा सारख्या ठेवल्या असतील तर शब्दांमध्ये अशी भगदाडं पडतात की वाचणाऱ्याचा डोळा त्यातूनच खाली घसरतो. एवढी कमी जागा उरत असेल तर सरळ टॉप अँड बॉटम घ्या, किंवा विणा.

बिहाइंड टेक्स्ट हे पत्रिकेच्या मागच्या फिकट गणपतीसाठी. त्याच्यावर क्लिक केलं की निवड मजकुराचीच होते आणि माणूस हैराण होतो. तेव्हा ऑल्ट आणि एफ-१० दाबा. उजवीकडे सिलेक्शन पेन उघडतं आणि त्या पानावरच्या टाचलेल्या सगळ्या गोष्टींची यादी मिळते. नाव निवडलं की गणपती हातात. शेजारच्या डोळ्याच्या खुणेने एखादी गोष्ट तात्पुरती लपवताही येते. प्रत्येक पानावर तेच चित्र हवं असेल तर ते हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या पट्टीत, घालायचं. वॉटरमार्कही (मजकुरामागची फिकट छाप) तिथेच राहतो, म्हणून तो मजकुरातून कितीही ढोसला तरी पुसला जात नाही.

चौकोन, बाण आणि पांढरे डाग

आता तिचा तक्ता. सूत, रंगाई, बीम, माग, कटिंग-शिलाई, पॅकिंग असे सहा चौकोन. मधले पाच बाण. एकूण अकरा वस्तू, आणि अकरांचे नांगर वेगवेगळ्या परिच्छेदांना. एकत्र हलणार कशा?

दोन उपाय. पहिला ग्रुप: कंट्रोल दाबून एकेकावर क्लिक करत सगळे निवडा, उजवं बटण, ग्रुप. अकरांची एक वस्तू होते, एक नांगर राहतो. विणलेला फोटो या टोळीत घेता येत नाही, आधी तो टाचावा लागतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: इन्सर्टमधल्या शेप्सच्या यादीत अगदी तळाला 'न्यू ड्रॉइंग कॅनव्हास' आहे. ही एक रिकामी पाटी. तिच्यात चौकोन काढले की पाटी ही एकच वस्तू, आणि ती विणूनही ठेवता येते. शिवाय वर्डमध्ये बाण चौकोनाला खरोखर चिकटतो तो याच पाटीत. बाण काढताना चौकोनाच्या कडेवर ठिपके दिसतात. ठिपक्यावर सोडला की चिकटला. मग चौकोन हलवा, बाण ताणला जाऊन मागे येतो. पाटीबाहेर काढलेला बाण नुसता शेजारी पडलेला असतो.

चौकोन एका रांगेत आणायला डोळे बारीक करून माउस हलवायची गरज नाही. सगळे निवडून अलाइनमध्ये 'अलाइन मिडल', मग 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली'. अंतरं सारखी होतात. आकृती काढताना शिफ्ट दाबून ठेवली तर आयताचा चौरस होतो, लंबगोलाचा गोल, आणि रेघ सरळ येते. फिरवताना शिफ्ट दाबली तर पंधरा-पंधरा अंशांनी फिरते.

रेघेची जाडी पॉइंटमध्ये असते. ७२ पॉइंटचा एक इंच, म्हणजे एक पॉइंट साधारण ०.३५ मिलिमीटर. पडद्यावर पाव पॉइंटची रेघ नाजूक, छान दिसते. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ती नाहीशी होते. पाऊण पॉइंटच्या खाली जाऊ नका. फिकट राखाडी भरणही काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये देवीच्या व्रणांसारखं फुटकं येतं. पोरांना ग्रेडियंट, शॅडो, थ्री-डी सगळं एकाच चौकोनाला लावायचं असतं. मी काढून टाकतो. फार तर रागावतात.

टेक्स्ट बॉक्सचं एक सांगायलाच हवं. तो जन्मतः पांढऱ्या रंगाने भरलेला आणि काळ्या चौकटीचा असतो. म्हणून नक्षीदार पत्रिकेवर वराचं नाव टाकलं की भोवती पांढरा डाग पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, प्रिंटर खराब आहे. शेप फिलमध्ये 'नो फिल', शेप आउटलाइनमध्ये 'नो आउटलाइन'. 'पांढरा' आणि 'काहीच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या कागदावर तेवढ्या कळत नाहीत. बॉक्सच्या आत मजकूर कडेला टेकत नाही कारण डावी-उजवीकडे ०.१ इंच आणि वर-खाली ०.०५ इंच आतला समास आधीच ठरलेला असतो. लहान लेबलावर अक्षर मावत नसेल तर फॉन्ट कमी करण्याआधी तो समास कमी करून बघा.

लठ्ठ देऊळ आणि कापलेलं आधार

फोटो लहान-मोठा करायचा तो कोपऱ्याच्या ठिपक्याने. बाजूचा ठिपका ओढला की सिद्धेश्वराचं देऊळ लठ्ठ होतं आणि तळं आखडतं. गड्डा यात्रेच्या दिवसांत अशी लठ्ठ देवळं गावभर फ्लेक्सवर दिसतात. चुकून ओढलंच असेल तर 'रिसेट पिक्चर अँड साइझ' आहे.

फोटो छापून स्वच्छ येईल का, याचा हिशेब भागाकाराचा. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरा. मोबाइलचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो असेल तर ४००० भागिले ३००, म्हणजे तेरा इंचांपर्यंत निर्धास्त. तोच फोटो फिरत फिरत ८०० पिक्सेलचा होऊन आला असेल तर पावणेतीन इंचांच्या आसपास थांबा. वर्डमध्ये ओढून मोठा केल्याने ठिपके वाढत नाहीत, फुगतात.

क्रॉपबद्दल मात्र जरा सावकाश वाचा, कारण इथे चूक महागात पडते. एक गृहस्थ भाडेकराराबरोबर आधार कार्डाची प्रत पाठवणार होते. नंबर दिसू नये म्हणून वर्डमध्ये त्यांनी ती पट्टी क्रॉप करून उडवली होती आणि तीच वर्डची फाइल ई-मेलने पाठवणार होते. मी त्यांच्यासमोर फोटोवर क्लिक केलं, क्रॉप दाबलं, कडा खाली ओढली. नंबर हजर! क्रॉप म्हणजे कात्री नव्हे, पडदा आहे. कापलेला भाग फाइलीत तसाच असतो. खरोखर काढायचा असेल तर पिक्चर फॉरमॅटमध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स', तिथे 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स'ला खूण, मग सेव्ह. नंबरावर काळा चौकोन ठेवणारेही तसेच. तो चौकोन नुसता टाचलेला असतो, समोरचा उचलून बाजूला ठेवतो. आधी मोबाइलमध्येच फोटो कापावा आणि कापलेला वर्डमध्ये घालावा, हे सगळ्यात बरं.

त्याच कॉम्प्रेसच्या खिडकीत आकडे दिसतात: छपाईला २२० पीपीआय (इंचाला पिक्सेल), वेबला १५०, ई-मेलला ९६. मुलीची फाइल सत्तर-ऐंशी एमबीची होती म्हणून कॉलेजच्या मेलवर चढत नव्हती. २२० केल्यावर चढली.

फाइल लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखाच मोफत प्रोग्राम) उघडणार असाल तर तिथेही हीच दोन कुळं आहेत: 'ॲज कॅरेक्टर' म्हणजे विणलेलं, 'टु कॅरेक्टर', 'टु पॅराग्राफ', 'टु पेज' म्हणजे टाचलेलं. गूगल डॉक्समध्येही पहिला पर्याय 'इन लाइन'च. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना घोळ होतो तो टाचलेल्यांचा, कारण फॉन्ट बदलला की ओळी बदलतात आणि नांगर हलतात. विणलेलं सहसा सुखरूप पोचतं.

चित्रं दोनच जातींची असतात हे मुलीला खरं वाटेना, म्हणून मी फाइलीचं पोट उघडून दाखवलं. २००७ पासूनची वर्डची डॉक्स (.docx) फाइल म्हणजे आतून एक झिप असते. प्रत घेतली, नावाच्या शेवटचं डॉक्स काढून झिप लिहिलं, उघडलं. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया', आणि त्यात तिचे सगळे फोटो रांगेत. (मूळ फोटो हरवला आणि फक्त फाइल उरली, तर तो इथून काढून घेता येतो.) शेजारची डॉक्युमेंट नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून शोध घेतला. प्रत्येक फोटोच्या जागी दोनपैकी एकच शब्द लिहिलेला: इनलाइन किंवा अँकर. तिसरा प्रकार नाही. खाली मापं, तीही चमत्कारिक एककात, सेंटिमीटरला ३,६०,०००. सोळा सेंटिमीटरचा फोटो तिथे ५७,६०,००० असा बसलेला.

"म्हंजे सगळीकडे अँकरच हाय की," ती म्हणाली.

"हाय खरं. आता तूच बदल एकेक."

अकरा वाजेपर्यंत तिने सतरा फोटो इन लाइन केले, चौदाचे चौदा एंटर काढले, तक्ता पाटीवर नव्याने मांडला. मी मधे चहा सांगितला. शेवटी तिने आभाराच्या पानावर आईचं नाव घातलं, जे दुपारी भीतीने घातलं नव्हतं. एक ओळ वाढली. आम्ही दोघांनी पान २३ पर्यंत खाली जाऊन बघितलं. हातमाग पान २४ वर गेला होता, आपली फोटोओळ बरोबर घेऊन.